वेसाव्यात राहायला जावे का? समुद्रकाठच्या उपनगरातील रोजचे जगणे आणि सोयी

नीलमोहोर

येत्या दोन-तीन महिन्यांत आम्ही पुण्याहून मुंबईला बिऱ्हाड हलवीत आहोत. घरात मी, पत्नी, सहावीत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई आहे. माझे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, परंतु सकाळी मोकळ्या हवेत चालण्याची तिची सवय चाळीस वर्षांची असल्यामुळे घराजवळ चालायला जागा असावी, एवढीच तिची अट आहे. त्या अटीमुळेच अंधेरी पश्चिमेकडील वेसावे (म्हणजेच वर्सोवा), सात बंगला आणि यारी रोड या पट्ट्याकडे आमचे लक्ष गेले. आधी भाड्याने राहून पाहू आणि मानवले तर पुढे घर विकत घेऊ, असा विचार आहे.

दलालांकडून जी माहिती मिळते तिच्यात समुद्र किती मिनिटांवर आहे याखेरीज फारसे काही नसते. म्हणून तेथे राहणाऱ्यांना विचारतो. वांद्रे-कुर्ला संकुलात रोज जाणे-येणे कितपत सुसह्य आहे? जुन्या इमारतीत घर घ्यावे की नव्या? पावसाळ्यात काय होते? आणि आम्ही शाकाहारी आहोत, तर मासळीच्या वासाबद्दल जे ऐकू येते ते कितपत खरे आहे?

शेवटचा_थांबा

प्रवासाबद्दल मी सांगू शकतो, कारण माझाही रोजचा मार्ग जवळजवळ हाच आहे.

8 जून 2014 रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून या भागाचे नशीब पालटले. त्याआधी अंधेरी स्थानकापर्यंत पोहोचण्यातच माणसाचा अर्धा उत्साह संपत असे. साडेअकरा किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या या मार्गावर बारा स्थानके आहेत आणि घाटकोपरपर्यंतचा प्रवास साधारण वीस-बावीस मिनिटांत होतो. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो 3 पकडता येते. या मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर 2025 पासून ती गाडी थेट कफ परेडपर्यंत जाते. म्हणजे रस्त्यावर एकदाही न अडकता तुम्ही कार्यालयात पोहोचू शकता, आणि मुंबईत ही चैन समजली जाते. मरोळ नाक्याला उन्नत स्थानकावरून जमिनीखाली खोल उतरावे लागते, त्याचा वेळ मात्र हिशेबात धरा.

वर्सोवा हे टोकाचे स्थानक असल्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. गाडीला डबे चारच आहेत आणि अंधेरीला ती इतकी भरते की पुढच्या स्थानकांवरच्या लोकांना दारात पाय ठेवता येत नाही. संध्याकाळी परतताना हा लाभ नसतो. अंधेरीला बरीच गर्दी उतरेपर्यंत उभेच राहावे लागते.

आता जे दलाल सांगत नाहीत ते सांगतो. वर्सोवा नावाचे स्थानक वेसाव्यात नाही, ते सात बंगल्याच्या बाजूला जयप्रकाश मार्गावर आहे. यारी रोडच्या उत्तर टोकापासून किंवा कोळीवाड्यातून ते इतके लांब आहे की रोज पायी जाणे बहुतेकांना जमत नाही. शेअर रिक्षा आणि बेस्टच्या बसगाड्या आहेत, परंतु यारी रोड हा त्या संपूर्ण वस्तीचा एकच कणा आहे. शाळा सुटण्याच्या वेळी आणि संध्याकाळी तो तुंबला की दोन किलोमीटरांना अर्धा तास लागतो. यारी रोडवरून लोखंडवाला संकुलाकडे खाडी ओलांडणाऱ्या पुलाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. त्या पुलाच्या भरवशावर घर घेऊ नका. मेट्रोने जाणार असाल, तर स्थानकापासून चालत पोहोचता येईल एवढ्याच अंतरात घर शोधा, मग समुद्र दहा मिनिटे लांब पडला तरी चालेल.

लोखंड_आणि_सिमेंट

इमारतींच्या दुरुस्तीच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत. जुने घर की नवे, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते भिंतींवर बसतात, पावसाच्या ओलाव्याबरोबर बारीक भेगांतून काँक्रीटमध्ये झिरपतात आणि आतल्या सळ्यांपर्यंत पोहोचतात. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवती एक संरक्षक थर असतो, तो क्लोराइडमुळे तुटतो आणि सळई गंजू लागते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, त्यामुळे आतून दाब येऊन बाहेरचे काँक्रीट फुटते. छताचा गिलावा पडला, सज्जाच्या खालच्या बाजूला सळई उघडी दिसू लागली, तुळईला तिच्या लांबीच्या दिशेने सरळ भेग गेली, की हा आजार बराच आधी सुरू झालेला असतो. वरून गिलावा करून रंग दिला की वर्ष-दोन वर्षे तो झाकला जातो आणि नेमका त्याच काळात घर भाड्याने किंवा विक्रीला निघते.

मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमातील कलम 353-ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीने संरचनात्मक तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन तो तपासणी अहवाल मागा. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच तुमचे उत्तर समजा. अहवालात दुरुस्ती सुचवली असेल, तर ती झाली का, किती खर्चाची झाली आणि वर्गणी अजून थकीत आहे का, हेही विचारा. भाडेकरूने एवढे विचारले तर काही चिटणीस नाराज होतात. होऊ द्यावे.

येथील बऱ्याच इमारती सागरी किनारा नियमन क्षेत्रात येतात. 2019 च्या अधिसूचनेने शहरी भागातील चटईक्षेत्रावरचे जुने गोठवलेले बंधन सैल केले आणि त्यानंतर इतकी वर्षे अडकलेल्या पुनर्विकासाला वेग आला. याचा भाडेकरूला अर्थ असा की आज घेतलेली जागा उद्या रिकामी करावी लागू शकते. सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आहे का, विकासक नेमला आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. शेजारच्या तीन भूखंडांवर पाडकाम व्हायचे असेल, तर तुमच्या आईंच्या मोकळ्या हवेचे पुढची चार वर्षे काय होईल, तेही पाहा.

नव्या इमारतीतही वारा तोच असतो. खिडक्यांना लोखंडी जाळी असेल तर ती दोन पावसाळ्यांत गंजते, म्हणून पावडर-कोटिंग केलेले ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी असलेले घर बघा. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग समुद्राच्या थेट समोर असेल तर त्याचे पातळ पत्रे पुण्याच्या मानाने खूप लवकर कुजतात. गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर तिचा तळ गोड्या पाण्याने वरचेवर धुवावा लागतो. किल्ल्या, कड्या, बिजागऱ्या, स्वयंपाकघरातील डबे यांचे काय होते ते पहिल्या पावसाळ्यातच कळेल. समुद्राकडे थेट तोंड असलेल्या घरापेक्षा एक ओळ मागे असलेले घर मी नेहमी सुचवतो. वारा पुरेसा येतो आणि मीठ बरेचसे पुढच्या इमारतीच्या वाट्याला जाते.

सात_बंगल्याची

रुग्णालयाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण वयस्कर माणूस घरात असल्याने सांगते. चार बंगल्याला कोकिलाबेन धीरूभाई अंबानी हे मोठे खासगी रुग्णालय आहे आणि महानगरपालिकेचे कूपर रुग्णालय पार्ले पश्चिमेला आहे. अंतरे नकाशावर किरकोळ वाटतात, पण रात्री अकरा आणि संध्याकाळी सात या वेळांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घराच्या गल्लीत रुग्णवाहिका वळते का, हे पाहूनच घर निवडा. यारी रोडच्या आतल्या काही गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि मोठे वाहन मागे घेण्यातच वेळ जातो.

महापालिकेचे पाणी ठरावीक वेळेलाच येते. त्याची वेळ आणि दाब विचारून घ्या, कारण किनाऱ्याजवळच्या कूपनलिकेचे पाणी बहुधा मचूळ असते आणि ते शौचालयापुरतेच वापरता येते.

किराणा, भाजी, औषधे, शिंपी, चक्की हे सगळे हाताशी आहे. मराठी नाटकासाठी मात्र पार्ले पूर्वेच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहालाच जावे लागते. जुहूचे पृथ्वी थिएटर जवळ आहे आणि आरामनगरच्या जुन्या बैठ्या घरांमध्ये तालमी व छोटे प्रयोग चालतात. चित्रपटांत काम मिळवायला आलेली तरुण मुले या भागात भरपूर राहतात, त्यामुळे रस्ते रात्री उशिरापर्यंत जागे असतात. माझ्या मुलीला शिकवणीहून परतताना त्याचा उपयोगच झाला.

चौदावा_मजला

सगळे चांगले-चांगले लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऑक्टोबरनंतर वारा फिरला की वाळत घातलेल्या मासळीचा वास आमच्या घरात येतो आणि खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. कोळीवाड्यातल्या गल्ल्यांत गाडी नेणे अशक्य आहे. होळीच्या आणि गणपतीच्या दिवसांत तर बाहेर पडण्याची सोय राहत नाही. अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीऐवजी संकष्टी चतुर्थीला विसर्जनासाठी येथे येतो, त्यामुळे इतर मुंबईचे विसर्जन संपल्यावर आमच्याकडे आणखी एक रात्र रस्ते बंद राहतात. एवढे भाडे भरणाऱ्या माणसाला थोडी शिस्त अपेक्षित असते. शाकाहारी कुटुंबाने तर हजारदा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोलकर_घराणे

माझा जन्म वेसाव्याच्या कोळीवाड्यातला आहे. माझे आजोबा डोल जाळ्याने मासेमारी करीत, वडिलांनी ट्रॉलरवर काम केले आणि मी बँकेत नोकरी करतो, पण घर अजून गल्लीतच आहे. वरच्या प्रतिसादाला रागाने उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. नीलमोहोर यांना निर्णय घ्यायला उपयोग होईल असे लिहितो.

वास आहे, हे खरे आहे. बोंबील बांबूंच्या वलांडींवर टांगून वाळवतात, जवळा आणि करंदी खळ्यावर पसरतात. हे काम पाऊस गेल्यावर सुरू होते आणि मे महिन्यापर्यंत चालते. ज्या मोकळ्या जागांवर हे वाळवण होई त्यांतल्या बऱ्याच जागा आता उरल्या नाहीत. उरलेल्या जागांच्या अगदी कडेला इमारती उभ्या राहिल्या आणि मग त्या इमारतींतील लोकांना वास येऊ लागला. कोळीवाड्यांच्या सीमा आखून देण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले आहे. वाळवणाची जागा नकाशावर नोंदलेली नसेल, तर कागदोपत्री ती रिकामी जमीन ठरते, हे आमचे खरे दुखणे आहे. ज्यांना वास नको त्यांनी कोळीवाड्यापासून दक्षिणेला, सात बंगल्याच्या बाजूला घर पाहावे. तिकडे वर्षातून फार थोडे दिवस वास पोहोचतो. मासळीचा वास हा या जागेचा दोष आहे असे मानून येथे राहायला येऊ नये, एवढीच विनंती आहे.

आता ज्यांना मासळी हवी आहे अशा वाचकांसाठी. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला अर्पण करतात आणि मग हंगाम रंगू लागतो. पुढे जो वर्षभराचा क्रम चालतो तो बाजाराच्या वारांवर नसून तिथीवर असतो. डोल हे पिशवीसारखे जाळे खुंटांना बांधून प्रवाहात सोडतात, पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात शिरते. म्हणून पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओढ जोरात असते तेव्हा डोलीला बोंबील, मांदेली, करंदी, जवळा भरपूर मिळतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मंद चालते आणि त्या दिवसांत डोलीच्या होड्या बहुधा बंदरात उभ्या राहून जाळी दुरुस्त करतात. भांगात ताजे बोंबील म्हणून कोणी आग्रहाने काही विकत असेल, तर दोनदा पाहून घ्यावे. पापलेट, सुरमईचे गणित वेगळे आहे, त्या मोठ्या होड्या खोल पाण्यात बरेच दिवस राहून येतात आणि मासळी बर्फात येते.

आमच्या कोळणींशी घासाघीस करताना एक पथ्य पाळावे. भाव विचारून, वाटा उलटापालटा करून मग न घेता निघून जाऊ नये. एकदा ओळख झाली की ती मावशी तुम्हाला कधीही शिळे देणार नाही. घरात चालत नसेल तर तिच्याशेजारीच भाजीवाली बसते, तिच्याशीही हाच व्यवहार ठेवा.

होळीबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांना तो त्रास वाटतो त्यांनी एकदा खाली उतरून पाहावे.

चौदावा_मजला

सीमांकनाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो रास्त वाटतो. गाड्या लावण्याच्या बेशिस्तीबद्दल मात्र मी ठाम आहे, आणि ती कोळीवाड्याबाहेरच अधिक आहे.

नीलमोहोर

सर्वांचे मनापासून आभार. डोलकर यांच्या प्रतिसादामुळे वासाबद्दलची आमची शंका बरीचशी मिटली. आई म्हणाली की कोकणात तिचे आजोळ होते तेव्हा असाच वास यायचा, त्याचे तिला काही वाटणार नाही.

एक प्रश्न राहिला आहे. भरतीच्या वेळी चालायला वाळू उरते का? आणि किनारा स्वच्छ असतो का? जुनी छायाचित्रे पाहून मन कचरते.

ओली_वाळू

रोज पहाटे किनाऱ्यावर चालणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देते.

भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे तिथीवरून वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. पक्षातील तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण फिरायला जाण्यापुरते हे पुरते. म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येला दुपारी व मध्यरात्री भरती असते आणि पहाटे साडेपाच-सहाला पाणी खूप आत गेलेले असते. त्या दिवशी ओली, कडक, सपाट वाळू मैलभर मोकळी मिळते आणि गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यासारखी जागा नाही. अष्टमीच्या आसपास पहाटे सहाला पाणी भरलेले असते. भांगाचे पाणी फार वर चढत नसल्यामुळे वाळू उरते, परंतु ती कोरडी आणि भुसभुशीत असते. तिच्यात पाय रुततो आणि आईंच्या गुडघ्यांना ती मुळीच मानवणार नाही. अशा तीन-चार दिवशी त्यांनी वस्तीतल्या बागेत चालावे, किंवा वेळ दोन-तीन तासांनी पुढे-मागे करावी. आमच्या गटातील ज्येष्ठ मंडळी पंचांग पाहूनच चालण्याची वेळ ठरवतात.

स्वच्छतेबद्दल. ऑक्टोबर 2015 मध्ये येथे राहणारे वकील अफरोज शाह यांनी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना बरोबर घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली. तेव्हा काही ठिकाणी प्लास्टिकचा थर इतका जाड होता की वाळू दिसत नव्हती. दर आठवड्याच्या शेवटी लोक जमू लागले, कोळी बांधव, विद्यार्थी, इमारतींतले रहिवासी सगळे आले. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना पुरस्कार दिला. मार्च 2018 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिले या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली, तेव्हा अनेकांना ती बातमी खरी वाटेना.

पण किनारा एकदा साफ केला म्हणजे साफ राहतो, असा समज करून घेऊ नका. नाल्यांतून आणि खाडीतून जे समुद्रात जाते ते समुद्र पावसाळ्यात परत आणून टाकतो. जुलैत मोठ्या भरतीनंतर सकाळी गेलात तर चपला, पिशव्या, थर्माकोल आणि डांबराचे काळे गोळे दिसतील. अनवाणी चालू नका, ते डांबर पायाचे निघत नाही. पावसाळ्यात निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे जीवही वाहून येतात. ते सुंदर दिसतात आणि त्यांच्या धाग्यांचा दंश फार झोंबतो. मुलीला ते हातात घेऊ देऊ नका. पोहण्यासाठी हा समुद्र नाही, पावसाळ्यात तर पाण्याजवळही जाऊ नये.

मूळ प्रश्न सांडपाण्याचा आहे. महापालिकेने सात ठिकाणी मलजल प्रक्रिया केंद्रांचे काम हाती घेतले आहे, त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला 2464 दशलक्ष लिटर आहे. वेसाव्याचे केंद्र त्यांत सर्वांत लहान, 180 दशलक्ष लिटरांचे आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले आणि मालाड खाडीत स्वच्छ पाणी जाऊ लागले, तर शनिवारी हातमोजे घालून उचलण्याचे आमचे निम्मे काम कमी होईल.

मढकर

मढच्या फेरीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. वेसाव्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून मढला जाणारी होडी पाच मिनिटांत पोहोचवते आणि दुचाकीही नेते. रस्त्याने जायचे तर मालाड-मार्वे मार्गे वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने ती बंद असते. सुट्टीच्या दिवशी आईंना घेऊन मढला जाऊन यावे, पण ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि होडी खाली जाते, तेव्हा भरतीच्या आसपासची वेळ निवडावी.

पावसाळी_पूल

पावसाळ्याबद्दलचा प्रश्न बाजूला राहिला आहे.

लोकांना वाटते की समुद्राजवळ राहिले तर समुद्र घरात येईल. वेसाव्यातील पक्क्या इमारतींच्या बाबतीत तसे सहसा होत नाही. कोळीवाड्याच्या किनाऱ्यालगतच्या घरांना उधाणाचा त्रास होतो, तो वेगळा प्रश्न आहे. बाकीच्यांची अडचण पूर्वेकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूला असते. साडेचार मीटरांहून उंच भरती असेल तेव्हा पर्जन्यजलवाहिन्यांतून पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि त्याच वेळी मोठा पाऊस झाला की ते अंधेरीत साचते. रेल्वेखालचा अंधेरी भुयारी मार्ग दर पावसाळ्यात कितीतरी वेळा बंद करावा लागतो. शहराच्या पर्जन्यजल योजनेत साचलेले पाणी उपसून समुद्रात सोडणारी जी आठ उदंचन केंद्रे ठरली होती त्यांपैकी मोगरा आणि माहुल ही दोन सर्वांत अधिक रेंगाळली, आणि मोगरा नाला आपल्याच भागाचे पाणी वाहून नेतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काय घडले ते येथील जुन्या रहिवाशांना सांगायला नको.

भुयारी मार्ग बंद झाला की सगळा भार गोखले पुलावर येतो. तो पूल 2018 मध्ये अंशतः कोसळला, नोव्हेंबर 2022 मध्ये पूर्ण बंद झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू उघडली आणि मे 2025 मध्ये तो पूर्ण सुरू झाला. मधल्या काळात पूर्वेला जाण्यासाठी जो मनस्ताप झाला तो मेट्रोने जाणाऱ्यांना फारसा जाणवला नाही. म्हणून शेवटचा_थांबा यांच्या सल्ल्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. महापालिका पावसाळ्यापूर्वी मोठ्या भरतींच्या तारखांची यादी प्रसिद्ध करते. ती छापून फ्रिजवर लावा, आणि त्या दिवशी दुपारी रिक्षाने अंधेरी पूर्वेला जाण्याचे कोणतेही काम ठेवू नका.

शेवटचा_थांबा

एक भर घालतो. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे. 2023 मध्ये त्याला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव देण्याचा निर्णय झाला. जोडरस्त्यांसह त्याची लांबी सतरा किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. तो झाला की वांद्र्याला जाणे सुकर होईल, परंतु त्याचबरोबर बाहेरच्या गाड्यांचा लोंढाही आपल्या अरुंद रस्त्यांवर उतरेल. घरमालक त्याच्या नावावर आजच भाडे वाढवून मागतात, ते देऊ नका.

डोलकर_घराणे

सेतूबद्दल आमचे म्हणणेही नोंदवून ठेवतो. रस्त्याने जाणाऱ्याला पूल म्हणजे वेळ वाचणे. दर्यात जाणाऱ्याला पूल म्हणजे पाण्यात उभे राहिलेले खांब, त्यांच्यामुळे बदललेली ओढ आणि त्यांच्यामधून रात्री, वाऱ्यात, भरलेली होडी काढणे. विकास नको असे कोळ्यांनी कधी म्हटलेले नाही. आखणी करण्यापूर्वी ज्यांना तळाचा खडक कुठे आहे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यांना विचारावे, असे म्हटले आहे.

नीलमोहोर

आता चित्र स्पष्ट झाले. सात बंगल्याच्या बाजूला, मेट्रोपासून पायी अंतरावर, समुद्रापासून एक-दोन ओळी मागे, असे घर शोधायचे ठरवले आहे. दोन जागा बघितल्या आहेत. एक पस्तीस वर्षे जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहन आहे पण वारंवार बंद पडते असे शेजारी म्हणाले. दुसरी नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर, भाडे बरेच अधिक. आईचा कल पहिल्या घराकडे आहे, कारण खाली पारिजातक आहे.

लोखंड_आणि_सिमेंट

पहिल्या घराचा तपासणी अहवाल आधी मागा. तो बरा निघाला तर जागा प्रत्यक्ष पाहायला पुन्हा जा, आणि या वेळी बैठकीची खोली न पाहता न्हाणीघराचे छत, स्वयंपाकघरातील सज्जाचा खालचा भाग आणि जिन्याच्या वरच्या मजल्यावरची गच्चीलगतची भिंत पाहा. हातातल्या किल्लीने गिलाव्यावर हलके ठोका. पोकळ आवाज आला तर आत सळई फुगलेली असण्याची शक्यता मोठी आहे. उद्वाहनाच्या दुरुस्तीचा वार्षिक करार कोणाशी आहे आणि तो चालू आहे का, हे चिटणिसांना विचारा. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला दुसरा मजलाही उंच असतो.

सात_बंगल्याची

अहवाल चांगला असेल तर पहिलेच घर घ्या. भाड्यातील फरकातून रिक्षाचा वर्षाचा खर्च निघेल. अकरा महिन्यांच्या करारात पुनर्विकास झाल्यास किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना मिळेल, असे कलम घालून घ्या आणि करार नोंदणीकृतच करा. सामान आणण्याचा दिवस ठरवताना संकष्टीची ती रात्र टाळा, ट्रक आत येणार नाही.